कपांच्या जाती



गणपती तोंडावर आले आहेत. आता फडताळातली, मांडणीवरची आणि माळ्यावरची सगळी भांडी खाली उतरतील, घासली जातील आणि ऊन पडलंच तर अंगणात पालथी घातली जातील. पितळेची भांडी लखलखीत कशी करायची ते मागं एकदा सांगून झालं आहे, म्हणून ते पुन्हा उगाळत नाही. या खेपेला एवढंच सुचवते, की कपबश्या धुताना त्या किती आहेत हे मोजण्याऐवजी किती तऱ्हेच्या आहेत ते मोजून पाहा.

बहुतेक घरांत चार तऱ्हा निघतील. पहिली सोनेरी काठाच्या कपांची. हे कप लग्नात आहेर म्हणून आलेले असतात आणि व्याही, साहेब किंवा मुलगी बघायला आलेली मंडळी यांच्यासाठीच बाहेर निघतात. दुसरी तऱ्हा रोजच्या, घरच्या कपांची. तिसरी टवका उडालेल्या किंवा कान तुटलेल्या कपाची. तो टाकवत नाही म्हणून ठेवलेला असतो आणि बहुधा घरची बाईच त्यातून चहा पिते. आणि चौथी? ती फडताळात सापडायची नाही. मागल्या पडवीतल्या कोनाड्यात नाही तर मोरीच्या कठड्यावर बघा. तिथं एक स्टीलचा पेला एकटाच उभा असतो. तो कुणाचा, हे घरातल्या पाच वर्षांच्या पोरालासुद्धा पक्कं ठाऊक असतं. त्याला ते पाटीवर गिरवून कुणी शिकवलेलं नसतं. पण ते त्याला अ-आ-ईच्या आधी येतं!

तुम्ही म्हणाल, "अहो, आता कुठं राहिलंय असलं काही? आम्ही नाही बाई मानत!" खरं आहे. आजकाल तोंडानं कुणी मानत नाही. २०११-१२ साली आपल्या देशात घराघरांतून एक मोठी पाहणी झाली. 'तुमच्या घरात शिवताशिवत पाळतात का?' असं लोकांना सरळ विचारलं गेलं. तेव्हा देशभरात दर शंभरांतल्या सुमारे २७ घरांनी हो म्हणून सांगितलं. महाराष्ट्रातला आकडा यापेक्षा पुष्कळच खाली होता. वाचून बरं वाटतं. पण गंमत अशी, की विचारणाऱ्यानं माणसांना विचारलं, कपांना नाही विचारलं.

मला आज बोलायचं आहे ते या न बोलल्या जाणाऱ्या उतरंडीविषयी. भांड्यांची उतरंड तुम्हांला माहीतच आहे. खाली मोठा डेरा, त्यावर मडकं आणि सगळ्यांत वर लहानशी बोळकी. माणसांची उतरंडही तशीच रचलेली असते, फक्त ती डोळ्यांना दिसत नाही. कोण कुठे बसलं, कुणाला कशी हाक मारली, कुणी आधी जेवलं यांवरून ती ओळखायची. आणि ही रचना आपल्या घरापुरती बहुतेक आपल्याच हातची असते.

घराच्या पायऱ्या

आपलं कोकणातलं जुनं घर डोळ्यांपुढे आणा. आधी अंगण, मग पायऱ्या, मग पडवी, ओटी, माजघर, स्वयंपाकघर आणि शेवटी मागलं दार. राजापूर तालुक्यात तुम्ही कुठल्याही गावात जा, थोड्याफार फरकानं घर असंच. कुठेही पाटी लावलेली नसते. तरी कोण अंगणातच थांबणार, कोण पायरीवर टेकणार, कोण ओटीवर सुपारी कातरत बसणार आणि कोण थेट माजघरात येऊन "काय गं, काय चाललंय?" म्हणणार, हे सगळं ठरलेलं. आलेला माणूस ज्याच्या त्याच्या पायरीवर आपोआप थबकतो. आपल्याला वाटतं, त्यालाच संकोच वाटतो बिचाऱ्याला! पण तो संकोच कित्येक पिढ्यांनी त्याच्या पायांत घातलेला असतो.

नव्या घरांत ओटी-पडवी गेली म्हणून हे गेलं असं समजू नका. मुंबई-पुण्याच्या बड्या इमारतींत कामाला येणाऱ्या बायकांसाठी वेगळी लिफ्ट असते. मागलं दार उभं केलं आणि त्याला बटण लावलं, एवढाच काय तो फरक.

कायद्यानं आपलं काम पुष्कळ केलं आहे आणि त्यातला बराच भाग आपल्या कोकणात घडला आहे. १९२३ मध्ये रावबहादूर सी. के. बोले यांनी सार्वजनिक विहिरी, तळी, शाळा, दवाखाने अस्पृश्यांना खुले करावेत असा ठराव मुंबईच्या कायदेमंडळात संमत करून घेतला. ठराव कागदावरच राहिला, म्हणून २० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकरांना महाडच्या चवदार तळ्यावर हजारो माणसं घेऊन जावं लागलं. बाबासाहेबांचं मूळ गाव आंबडवे, ते आपल्याच जिल्ह्यातलं, मंडणगड तालुक्यातलं. १९३१ मध्ये रत्नागिरीत भागोजीशेठ कीरांनी पतितपावन मंदिर बांधलं, ते सगळ्या जातींना खुलं म्हणूनच. मग राज्यघटनेच्या सतराव्या कलमानं अस्पृश्यताच रद्द केली. १९५५ साली त्यासाठी शिक्षेचा कायदा झाला. तिकडे जमिनीच्या बाजूनं १९४९ च्या कायद्यानं खोती गेली आणि कूळकायद्यानं कसणाऱ्याला जमिनीचा हक्क मिळाला.

एवढं सगळं झालं. कायदा विहिरीपर्यंत आला, देवळापर्यंत आला, शेताच्या बांधापर्यंत आला. पण आपल्या चुलीपाशी कायदा येत नाही आणि पोलिसानं येऊन आमचे कप तपासावेत असं तर कुणालाच वाटणार नाही. तेव्हा तिथलं काम आपलं आपल्यालाच करायला हवं.

आपल्या गावांची रचनाच बघा ना. ब्राह्मणवाडी, कुणबीवाडी, तेलीवाडी, सुतारवाडी, गुरववाडी, बौद्धवाडी. पत्ता सांगितला की माणूस सांगून झाला! अशी जातिवाचक नावं बदलायचा निर्णय महाराष्ट्र सरकारनं डिसेंबर २०२० मध्ये घेतला. कागदावरचं नाव बदलेल, पण तोंडातलं जायला वेळ लागतो. आणि नुसत्या नावाचा प्रश्न असता तर एक वेळ चाललं असतं. आपल्याकडे पावसाळ्यात पाणी नको नको म्हणेपर्यंत पडतं आणि एप्रिल-मे आला की विहिरी तळ दाखवतात. त्या दिवसांत वर सड्यावरच्या धनगरवाड्यावर टँकर कधी पोचतो, पक्का रस्ता कुठपर्यंत येऊन थांबतो, नळाचं पाणी कुठल्या वाडीला आधी मिळतं, हे एकदा वहीत लिहून काढा. ती यादी वरून खाली वाचलीत की उतरंड दिसेल. शेवटच्या वाडीतली मुलगी जो तास हंडा घेऊन चालते, तो तिच्या अभ्यासाचा तास असतो.

हाक कशी मारता?

मी मराठी शिकवते, म्हणून माझं लक्ष शब्दांकडे जरा जास्त जातं. आपल्या भाषेत 'तू' आहे, 'तुम्ही' आहे, 'अगं' आहे आणि 'अहो' आहे. फार सुंदर सोय आहे ही. 'अगं आई' म्हणताना जी माया आहे, ती 'अहो'त कुठली? पण हीच सोय उतरंड मांडायलाही अगदी चोख उपयोगी पडते.

साखरी नाटे, जैतापूरकडून मासळीची पाटी घेऊन बायका येतात. एखादी पन्नाशीची असेल, नातवंडं असलेली. तिला आपला आठ वर्षांचा बंड्या ओट्यावरून ओरडतो, "ए, थांब गं, आई बोलावतेय!" आणि त्याच संध्याकाळी बँकेतल्या साहेबांची पंचविशीतली बायको आली, की तोच बंड्या "काकू, या ना, बसा" म्हणतो. वयाला मान द्यावा असं आपण मुलांना शिकवतो. मुलं मात्र बरोबर ओळखतात, की मान वयाला नाही, पायरीला आहे.

आणि आपली स्वतःची हाक तरी कुठे सरळ आहे? नवरा असेपर्यंत 'सौ.', तो गेला की 'गं. भा.'. पुरुषाचं बघा. लग्नाआधी 'श्री.', लग्नानंतर 'श्री.' आणि बायको गेल्यावरही 'श्री.'च! नावामागच्या त्या दोन अक्षरांवरून गावातल्या प्रत्येकीला कळतं, की हिला हळदीकुंकवाला बोलवायचं की नाही, ओटी भरताना हिला पुढे येऊ द्यायचं की नाही.

कोल्हापूर जिल्ह्यातलं शिरोळ तालुक्यातलं हेरवाड गाव आठवतं का? मे २०२२ मध्ये तिथल्या ग्रामसभेनं ठराव केला, की नवरा गेल्यावर बाईचं कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र तोडणं या प्रथा गावात बंद. त्याच महिन्यात राज्य सरकारनं बाकीच्या गावांनाही तसं करण्याचं आवाहन केलं. किती साधी गोष्ट! पण ती ठरवायला २०२२ साल उजाडावं लागलं.

मागल्या दारी बोलणं होत नाही

कुणी म्हणेल, पेला वेगळा असला, पायरीवर बसली, तर तिचं एवढं काय नुकसान झालं? चहा तर मिळालाच ना? मजुरी तर दिलीच ना?

यावर मी तुम्हांला एक घडलेली हकिगत सांगते. आमच्या शेजारी लावणीला दर वर्षी एक बाई येते. पुष्कळ वर्षांची माणसं ती, घरचीच म्हणा ना. पण तिचं येणं-जाणं, पैसे घेणं, सगळं मागल्या दारी. एकदा अशीच भर पावसात संध्याकाळी आली. डोक्यावर इरलं, पाय चिखलानं भरलेले. म्हणाली, "वयनी, उद्या मी येयाची नाय हां." एवढंच. त्या घरच्या मोठ्या वहिनींनी "बरं" म्हणून मान हलवली. मागल्या दारी याहून जास्त बोलणं होतच नाही. ती जायला वळली.

त्या घरात नवी सून आली होती. तिला या घराची रीत अजून नीटशी ठाऊक नव्हती. ती आपली सहज म्हणाली, "अहो मावशी, केवढ्या भिजलात! आत या, चहा टाकलाय." आणि तिनं चुलीशेजारी पाट मांडला. ती बाई कशीबशी अवघडून बसली. हातात गरम कप आला, पाठीला ऊब लागली, तशी हळूहळू बोलायला लागली. चार दिवस अंगात ताप आहे, डोकं फुटायला आलंय, पोटऱ्या अशा ठणकतात की पाऊल टाकवत नाही. सुनेनं दिव्याच्या उजेडात बघितलं तर डोळे लालबुंद. आरोग्य केंद्राच्या भिंतीवरची माहिती तिनं वाचलेली होती. तिनं नवऱ्याला हाक मारली, रिक्षा आणवली आणि त्याच रात्री बाईला सरकारी दवाखान्यात नेलं. डॉक्टरांना लेप्टोचा संशय आला आणि त्यांनी लगेच उपचार सुरू केले. पंधरा-वीस दिवसांनी ती पुन्हा हिंडूफिरू लागली.

जाता जाता सांगून ठेवते. लावणीच्या दिवसांत चिखलपाण्यात काम करणाऱ्या माणसाला ताप, डोकेदुखी, पोटऱ्या दुखणं, डोळे लाल होणं असं काही दिसलं, तर घरगुती काढ्यावर दिवस काढू नका. उंदराच्या मुतानं दूषित झालेल्या पाण्यातून, पायाच्या भेगांतून आणि जखमांतून हा रोग शरीरात शिरतो. लवकर गेलं तर औषधानं बरा होतो, उशीर झाला तर मूत्रपिंड आणि यकृत यांवर जातो.

आता सांगा, त्या बाईचा जीव कशामुळे वाचला? औषधानं, हे तर खरंच. पण औषधाच्या आधी पाटानं. मागल्या दारी उभ्या माणसाचं दुखणं आपल्यापर्यंत पोचतच नाही, कारण तिथं फक्त कामाचं बोलायचं असतं. वर्षानुवर्षं येणाऱ्या बाईच्या मुलीची शाळा सुटली, नवरा मारतो, घराची भिंत खचली, यातलं आपल्याला काही कळत नाही. मग आपणच म्हणतो, "अगंबाई, बोलली नाही कधी!" ती बोलेल कशी? बोलायची जागाच तिला दिलेली नसते.

पंगतीतला क्रम

तुम्हांला वाटत असेल, की ही सगळी गोष्ट फक्त जातीची आणि मोलकरणीची. तसं नाही. उतरंड घराच्या आतही तशीच चालू असते.

पुढच्या पंधरवड्यात राजापूर रोड स्टेशनवर गाड्या भरभरून उतरतील. चाकरमानी येतील, घरं गजबजतील. मुंबईची जाऊ आणि गावची जाऊ एका स्वयंपाकघरात येतील. एकीच्या हातात मिठाईचा पुडा आणि दुसरीच्या हातात विळी. मुंबईची ओटीवर बसून सासूबाईंना मेट्रोच्या गोष्टी सांगते आणि गावची आतून मोदकांचं पीठ मळत ऐकते. वर्षभर सासू-सासऱ्यांची दुखणी-खुपणी गावचीनं काढलेली असतात, पण चार दिवसांचं कौतुक मुंबईचीचं. तिचाही दोष नाही हो! ती बिचारी तिकडे पहाटे साडेचारला उठून डबे भरून लोकल पकडते. तिला चार दिवस टेकावंसं वाटलं तर काय चुकलं? चूक आहे ती पगाराच्या आकड्यावरून सुनांचे पाट मांडण्याची. मुंबईहून येणारे पैसे सगळ्यांना दिसतात, गावच्या सुनेचे कष्ट कुणी मोजत नाही.

म्हणजे ते मोजलेले आहेत बरं का! सरकारनंच २०१९ साली लोकांचा दिवस कसा जातो याची देशभर पाहणी केली. घरकाम करणाऱ्या बाईची दिवसाची सरासरी २९९ मिनिटं त्यात जातात, म्हणजे जवळजवळ पाच तास. जे पुरुष घरकामाला हात लावतात, त्यांची ९७ मिनिटं. आणि जे लावतच नाहीत, ते तर या हिशेबात धरलेलेच नाहीत.

मग पंगती. पहिली पुरुषांची आणि मुलांची, दुसरी पाहुण्या बायकांची, तिसरी घरच्या बायकांची. तिसऱ्या पंगतीला वालाच्या बिरड्याचं नुसतं वाटण उरतं आणि मोदक असतात ते फुटलेले. अगदी शेवटी जेवते ती सगळ्यांत धाकटी सून. "मला भूकच नाही" हे वाक्य आपल्या घरांत जितक्या वेळा खोटं बोललं जातं, तितकं दुसरं कुठलंच नसेल. २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या शंभरांतल्या सुमारे ५४ बायकांच्या अंगात रक्त कमी निघालं. सगळा दोष तिसऱ्या पंगतीचा नव्हे, गरिबी आहे, बाळंतपणं आहेत. पण शेवटी बसणाऱ्याच्या ताटात शेवटचं उरलेलं येतं, हे कळायला काही पाहणी लागत नाही.

वर्गातली जागा

मी एका शाळेत आठवड्याचे काही तास शिकवते. आम्हांला तासिका तत्त्वावरच्या शिक्षिका म्हणतात. शिक्षकांच्या खोलीत कुणी कुणाला वावगं बोलत नाही. पण कायम माणसांच्या खुर्च्या खिडकीजवळ असतात आणि तासिकावाल्यांच्या दाराजवळ. शिपाईमामा चहाचा ट्रे आणतात तो खिडकीकडून दाराकडे येतो. पगारातला फरक नियमानं ठरलेला आहे, तो समजू शकतो. पण खुर्चीचा नियम कुठल्या परिपत्रकात आला, ते मला अजून सापडलेलं नाही!

मोठ्यांचं जाऊ द्या, मुलांचं बघा. १९२४ ते १९३७ या काळात सावरकर रत्नागिरीत स्थानबद्ध होते, तेव्हा शाळेत मुलांना जातवार वेगळं न बसवता सरमिसळ बसवावं म्हणून त्यांना खटपट करावी लागली होती. आता तसं कुणी बसवत नाही. शाळेत पोषण आहाराची पंगत एकत्र बसते, आणि तो शिजवायला दलित-आदिवासी समाजांतल्या माणसांना प्राधान्य द्यावं असं सर्वोच्च न्यायालयानं २००४ मध्येच सांगितलं आहे. पुष्कळ पुढे आलो आपण.

तरी गॅदरिंगच्या तयारीला लागलं, की सूत्रसंचालन कोण करणार आणि सतरंज्या कोण घालणार हे आपोआप ठरतं. कारण सांगितलं जातं भाषेचं. "तिचं बोलणं शुद्ध नाही हो!" 'नाही'ला 'नाय' आणि 'होतं'ला 'व्हता' म्हणणाऱ्या मुलीनं उत्तराला हात वर केला, तिच्या तोंडून घरची बोली निघाली आणि वर्ग फिस्सकन हसला, की पुढच्या तासाला तो हात वर येत नाही. उत्तर बरोबर असतं, पण ते ऐकायच्या आधी पोरांना हसू आलेलं असतं. पुस्तकाची भाषा शिकवायलाच हवी, त्याशिवाय पेपर कसा लिहिणार? पण ती शिकवण्यासाठी घरची भाषा हलकी ठरवायची काहीएक गरज नाही. संगमेश्वरी बोली ही काही मराठीची मोलकरीण नव्हे.

हा खाली आलेला हात पुढे कुठे जातो ते पाहा. २०११ पासून महाराष्ट्रात पंचायतींमध्ये बायकांना निम्म्या जागा राखीव आहेत. खुर्ची मिळाली. पण तिसरीपासून गप्प बसलेली मुलगी तिशीत सरपंच झाली, तर ग्रामसभेत तिच्या वतीनं तिचा नवराच बोलतो. आपण हसतो आणि म्हणतो, "बाईला काही येत नाही." तिला येत होतं हो, पण ऐकून घेतलं कुणी नाही.

मग करायचं काय?

'लोक काय म्हणतील?' ही भीती खरी आहे, तिला मी खोटी म्हणत नाही. आपल्याच जिल्ह्यातल्या मुरूडचे धोंडो केशव कर्वे. १८९३ मध्ये त्यांनी देवरुखच्या गोदूबाई या विधवेशी लग्न केलं, तर गावानं त्यांच्यावर बहिष्कार घातला. आजही कोकणात गावकीनं एखाद्या कुटुंबाला वाळीत टाकल्याच्या बातम्या येतात. त्यासाठी महाराष्ट्रानं २०१६ मध्ये वेगळा कायदा केला आणि तो २०१७ मध्ये अमलात आला. वाळीत टाकणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं.

पण मी जे सुचवणार आहे त्याला कर्व्यांचं धैर्य लागत नाही. घरातल्या घरात होण्याजोगं आहे.

एक. यंदा एकाच तऱ्हेचे डझन-दोन डझन पेले किंवा कप घ्या, बाजारात स्वस्तातले मिळतात. आरतीला येणारा, भजनाला येणारा, दुरुस्तीला आलेला, कामाला आलेली, सगळ्यांना त्यातूनच चहा. कोनाड्यातला पेला कुंडीत पाणी घालायला ठेवा.

दोन. आलेल्या माणसाला बसायला सांगा आणि कुठे बसायचं तेही सांगा. नुसतं "बसा" म्हटलं की माणूस आपल्या सवयीच्या पायरीवर टेकतो. "इथं, खुर्चीवर बसा" म्हटलं पाहिजे. पहिल्या दिवशी दोघांनाही अवघडल्यासारखं होईल. चौथ्या दिवशी होणार नाही.

तीन. मुलांना सांगा, आपल्याहून मोठ्या माणसाला 'अहो'च म्हणायचं, मग ती मासळीवाली मावशी असो, कचरा नेणारे काका असोत की कलेक्टरीणबाई. आणि आपल्याकडे कामाला येणाऱ्या बाईचं पूर्ण नाव मुलांना माहीत आहे का ते विचारा.

चार. तिच्याही घरी गणपती आहे, हे विसरू नका. पहिल्या दिवशी तिला सुट्टी आणि पैसे सणाच्या आधी. उचल म्हणून नव्हे, तिचे हक्काचे.

पाच. निदान ऋषिपंचमीला बायकांची पंगत पहिली बसू द्या. ती भाजी आपली, तो दिवस आपला. वाढायला मुलगे आणि पुरुष. मीठ-लिंबू विसरतील, विसरू देत. पुढल्या वर्षी लक्षात राहील.

सहा. गौरीच्या हळदीकुंकवाला आणि ओवशाच्या वेळी वाडीतल्या सगळ्या बायकांना बोलवा, नवरा असलेल्या आणि नसलेल्या. एखादी येणार नाही, तिला भीती वाटेल. तिच्याकडे स्वतः जा.

राजापूरला आपल्याला याची सवय नाही असंही नाही. अर्जुना आणि कोदवलीला पूर आला आणि पाणी जवाहर चौकात शिरलं, की दुकानातली पोती कुणाच्या खांद्यावरून माडीवर गेली हे कुणी विचारत नाही. त्या रात्री एकाच किटलीतला चहा सगळे घोट घोट पितात. पाणी ओसरलं, की तेच खांदे पुन्हा मागल्या दारी येतात. पुरात जमतं ते कोरड्या दिवसांत का जमू नये?

आता तुमची खरी अडचण मला ठाऊक आहे. तुम्ही म्हणाल, "आम्हांला पटतं हो, पण सासूबाई?" त्यांच्याशी वाद घालू नका. वादात त्या हरायच्या नाहीत आणि तुम्ही जिंकूनही उपयोग नाही. एखाद्या दुपारी शेंगा सोलायला बसलात की त्यांना सहज विचारा, "तुम्ही लग्न होऊन आलात, तेव्हा तुम्हांला कुठं बसवायचे? कितव्या पंगतीला जेवायच्या तुम्ही?" आणि मग मधे न बोलता ऐका. चटके खाल्लेले असतात हो त्यांनीही. कुणी दारामागून ऐकत वर्षं काढली, कुणी शिळ्या भातावर. आपल्या पायरीचं दुःख सांगून झालं, की शेजारच्या पायरीवरचं दुःख ओळखणं माणसाला सोपं जातं. पाट मांडायला कदाचित त्याच पुढे येतील.

यांतलं काय जमलं आणि काय फसलं, ते गणपती झाल्यावर मला नक्की लिहा. फसलेलं आवर्जून लिहा, कारण त्यातूनच बाकीच्यांना शिकायला मिळतं. पुढच्या वेळी आपण सणानंतर उरलेल्या नारळांचं आणि सुक्या खोबऱ्याचं काय काय करता येतं ते पाहू. तोवर गणपतीची तयारी नीट होऊ दे, आणि थोडं स्वतःच्या पोटाकडेही बघा. भूक लागली असेल तर लागली म्हणून सांगा.